‘अस्सल दाखवा’ म्हणता, मग भाव नकलेचा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं लहान दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. गेल्या रविवारची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

तुळजापूरचं दर्शन करून एक कुटुंब आलं. सात माणसं. पुढे अक्कलकोट गाठायचं होतं, गाडी रस्त्यातच उभी, सगळी घाई. ‘अस्सल सोलापुरी दाखवा’ म्हणाले. दाखवल्या. बावीस चादरी उलगडल्या गेल्या. जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेली सुती चादर जड असते, नीट घडी घालायला दोन माणसं लागतात. त्याचं काही नाही, ते आमचं कामच आहे. पण भाव सांगितल्यावर म्हणाले, ‘पलीकडं हीच निम्म्या किमतीत देतात की!’

मी सांगितलं, ती पानिपतची असेल, पॉलिस्टर मिसळलेली. माझ्याकडे नमुन्याला अशी एक चादर ठेवलेली असते. दोन्हींचा एकेक दोरा काढला आणि काडी ओढून दाखवली. सुती दोरा कागदासारखा जळतो, त्याची राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. सगळ्यांनी वाकून बघितलं, मुलानं मोबाइलवर शूटिंग केलं, ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणाले आणि उठले. दहा मिनिटांनी पलीकडच्या पिशव्या घेऊन गाडीत बसताना दिसले.

स्वस्त हवी असेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा काहीच नाही. हलकी, साधी चादर आम्हीही ठेवतो. पण मागायचं अस्सल आणि भाव धरायचा नकलेचा, हे मनाला लागतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेर विणलेल्या मालाला हे नाव लावून विकणं कायद्यात बसत नाही. तरी विकला जातो, कारण घेणारे आहेत.

आमच्याकडे कामाला असलेली मुलगी पूर्व भागातली, म्हणजे शहरातल्या विणकर वस्तीतली. तिच्या वडिलांची सगळी हयात यंत्रमागावर गेली. त्या बावीस घड्या घालताना ती एवढंच म्हणाली, ‘दादा, आपण पण नुसतं सोलापुरी आहे असं सांगून द्यायचं ना, कसलीही असली तरी.’ मला उत्तर सुचलं नाही.

बाकीचे त्रास रोजचेच. दहाचं नाणं परत दिलं की ‘हे चालत नाही’ म्हणून गल्ल्यावर आपटतात. रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सगळ्या नमुन्यांची नाणी चालतात असं जाहीर केलं होतं. कुणी चादरीचा फोटो काढून घरी जातं आणि ऑनलाइन मागवतं. कुणी दोन महिने वापरलेली, कडकडीत पाण्यात उकळलेली चादर आणून ‘रंग गेला, बदलून द्या’ म्हणतं. दोष असेल तर माल परत घ्यायलाच हवा. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदाही तेच सांगतो. तो समजल्यावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही वडिलांच्या काळची पाटी मी स्वतः काढली. पण विणीतला दोष वेगळा आणि वापरून झालेली झीज वेगळी, एवढं तरी मानावं.

संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरेल, गावोगावची माणसं चादरी न्यायला येतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चादर कुठंही घ्या, माझ्याच दुकानात या असं मी म्हणत नाही. पण बिलावर ‘शंभर टक्के सुती, सोलापुरात विणलेली’ असं लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार का-कू करायला लागला, तर चादर तिथंच ठेवून बाहेर या.

आपला,
एक चादर विक्रेता
चाटी गल्ली, सोलापूर