अनुदानाचे पैसे हातात येत नाहीत, आई

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "अनुदान मिळालं म्हणजे पगार वाढला का गं?" तेव्हा तासाला जायची घाई होती, म्हणून आता लिहितेय.

नाही, आई. पुरस्कार झालेल्या कामाचा असतो, अनुदान व्हायच्या कामासाठी. ते पैसे विद्यापीठाकडेच राहतात. कशावर खर्च करणार ते आधी लिहून द्यायचं, पावत्या जपायच्या, शेवटी अहवाल द्यायचा. वर्गात शिकवण्याची रीत सुधारण्यासाठी मिळालेल्या माझ्या अनुदानाचा बराचसा भाग दोन मदतनीस विद्यार्थ्यांच्या मानधनावर जाईल. मोठ्या वर्गात मी एकटी सगळ्या बाकांपर्यंत पोचत नाही.

गेल्या वर्षी अर्ज नाकारला गेला, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. फार लागलं होतं मनाला. आज तो अर्ज वाचला की समितीचं बरोबर होतं असं वाटतं. कॅमेरा, व्हिडिओ, सॉफ्टवेअर सगळं लिहिलं होतं. त्यातून मुलांना काय कळेल आणि कळलं हे मी कसं ओळखणार, यावर एक ओळ नव्हती.

मग वर्गात एक जुना, प्रसिद्ध प्रश्न विचारला. अवजड ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर धडकतात. कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचे नियम तोंडपाठ असलेली, गणितं भराभर सोडवणारी मुलंही चुकली. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना 1990च्या सुमारास आपल्या वर्गात हेच दिसलं होतं. त्यांनी रीतच बदलली: प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. 2014 मध्ये त्यांना उच्च शिक्षणातल्या सुधारणांसाठीचं पहिलं मिनर्व्हा पारितोषिक मिळालं, 5 लाख डॉलरचं.

मीही तसं सुरू केलं. सत्र संपल्यावर अभिप्राय आले: "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." त्या रात्री झोप लागली नाही. उत्तरपत्रिकांत मात्र समज वाढलेली दिसत होती. पुढे हार्वर्डमधलाच 2019चा एक अभ्यास वाचला. अशा वर्गातली मुलं जास्त शिकतात, पण त्यांना स्वतःला वाटतं की आपण कमी शिकलो. डोकं शिणतं ना, म्हणून. आणि 2014 मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र तपासले गेले होते: नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सुमारे 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22. म्हणजे शंभरात बारा मुलं. बाबा, ही बारा मुलं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

यंदाचा अर्ज मी त्यांच्यासाठीच लिहिला. सत्राच्या आधी एक चाचणी, नंतर तीच पुन्हा, आणि फरक किती पडला ते अहवालात मांडायचं.

विभागाने शिक्षक पुरस्कारासाठीही माझं नाव पाठवलंय. त्याच्या फाइलीत अध्यापनाविषयीचं निवेदन लागतं, माझा तास बघून सहकाऱ्याने लिहिलेला अहवाल लागतो आणि मुलांचे अभिप्राय. तो "मॅडम शिकवत नाहीत" वाला अभिप्राय मी सगळ्यात वर लावलाय. निकाल यायचाय.

तोवर ट्रकच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा. एकमेकांचं बघू नका. मग आई, तू बाबांना पटव, बाबा, तुम्ही आईला पटवा. रविवारी फोन करते.

तुमची लेक