टिपकागदावरचा आकडा

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, हे मलाही ठाऊक होते. म्हणूनच एका खुज्या, उशिरा वाढलेल्या झाडात १५ मोजल्यावर मी धास्तावून ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळाही न लावता तो रंगाचा डाग ठरवला आणि मला मोजता येत नसल्याचा निर्वाळा चारचौघांत दिला.

तुम्ही निवृत्त झालेल्या होतात; माझे काम पाहण्याचे तुम्हांला काहीच कारण नव्हते. तरी पोटरीतल्या कणसाचे परागकोश तुम्ही स्वतः ॲसिटोकार्माइन या लाल रंगात ठेचलेत, कव्हर स्लिपवर टिपकागद ठेवून अंगठा दाबलात, बराच वेळ पाहिलेत, आणि काही न बोलता त्याच कागदाच्या कोपऱ्यावर एक आकडा लिहून त्याची घडी घातलीत. मग खुर्ची मला देऊन म्हणालात, "आता तुम्ही मोजा." मी १५ म्हटल्यावरच घडी उलगडलीत, आतही १५ होते. लाल डागासकट तो कागद मी जपून ठेवला आहे. विद्वत्ता मी बऱ्याच जणांकडे पाहिली; पण समोरच्याचे मोजून होईपर्यंत आपला आकडा घडीत ठेवण्याचे सौजन्य क्वचितच पाहिले.

"हे घरचे की पाहुणे?" हा तुमचा पुढचा प्रश्न होता. पाहुणे म्हणजे 'बी' (B) गुणसूत्र, नेहमीच्या संचाबाहेरचे जादा गुणसूत्र; ते नेहमीच्या गुणसूत्रांशी जोडी जमवत नाही. इथे सहा जोड्यांशेजारी तिघांची साखळी दिसली, म्हणजे ते घरचेच. पुढे हे झाड मादी म्हणून वापरल्यावर संततीत १५ गुणसूत्रांची काही झाडे मिळाली, पण त्याचे पराग वापरल्यावर एकही मिळाले नाही, तेव्हा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचा आरोप मी स्वतःवरच करून मोकळा झालो असतो. विभाजनात एकटे पडलेले गुणसूत्र वाटेत हरवते, म्हणून मादीकडूनही ते निम्म्या संततीत पोहोचत नाही, आणि परागात निम्मीच गुणसूत्रे जात असल्याने ८ गुणसूत्रांचा परागकण नेहमीच्या ७ वाल्यांपुढे मागे पडतो, हे तुम्ही समजावलेत. मक्याचे बी गुणसूत्र मात्र नेमके परागातूनच आपली संख्या वाढवते: जनुकशास्त्रज्ञ हर्शल रोमन यांनी १९४७ साली दाखवल्याप्रमाणे विभाजनात त्याच्या दोन्ही प्रती परागकणातल्या दोनपैकी एकाच शुक्रपेशीत जातात, आणि अंडपेशीशी बहुधा तीच शुक्रपेशी मिळते. हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर त्या लबाड गुणसूत्राबद्दल चक्क कौतुक होते.

या खरिपातली रोपे पोटरीत आली आहेत. पहिली स्लाइड जमली की कोरा टिपकागद घेऊन येतो. या वेळी घडी मी घालीन.

आपला कृतज्ञ विद्यार्थी