पीएचडी सोडण्याचं पत्र तू तपासलंस, म्हणून हे दुसरं

प्रिय ताई,

परवा प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुझं नाव आहेच, पण गाईड, ग्रंथपाल, घरचे यांच्या रांगेत तुला एका ओळीत उरकलं गेलं. ते मनाला लागून राहिलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पीएचडी सोडायचं पत्र टाइप करून मी तुझ्याकडे आले, ते खरं तर तू 'नको सोडूस' म्हणावंस म्हणून. तू म्हणाली नाहीस. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्यास आणि विचारलंस, "यात कारण कुठंय? कंटाळा कशाचा आलाय, संशोधनाचा, गाईडचा की विषयाचा?" मला उत्तर देता येईना. रागही आला होता, आता सांगून टाकते.

माझा विषय तेव्हा होता 'हवामानबदलाचा स्थलांतरित पक्ष्यांवर होणारा परिणाम'. केवढा भारदस्त! पण कुठले पक्षी, कुठलं पाणी, किती वर्षांच्या नोंदी, कशाचाच पत्ता नाही. रोज नवे पेपर वाचायचे आणि रोज विषय आणखी फुगायचा. तू पाठकोऱ्या कागदावर एकेक शब्द खोडत गेलीस. उरलं काय, तर एक तलाव, एका जातीचं बदक आणि ते दर हिवाळ्यात पहिल्यांदा दिसल्याची तारीख. "नोंदी कुणाकडे आहेत? त्या हातात पडल्याशिवाय शीर्षक ठरवू नकोस." आणि मग, "तारीख सरकलेलीच नाही असं निघालं, तरी प्रबंध होईल ना?" होणार होता. बदकं वेळेवर येतात, हेही कुणीतरी मोजायला हवंच की.

मला ते फारच किरकोळ वाटलं. तेव्हा तू गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सचं सांगितलंस. लहानपणापासून फर्माच्या प्रमेयाचं, म्हणजे शतकानुशतकं न सुटलेल्या एका गणिती कोड्याचं वेड, पण १९७५ मध्ये केंब्रिजला संशोधन सुरू केलं तेव्हा ते बाजूला ठेवून गाईड जॉन कोट्स यांच्याबरोबर एलिप्टिक कर्व्ह्ज नावाच्या एका खास प्रकारच्या वक्रांवर काम. पुढे १९८६ मध्ये कळलं, की फर्माकडे जाणारी वाट त्याच कर्व्ह्जमधून जाते, आणि शेवटी त्याने ते प्रमेय सोडवलंही. "म्हणजे माझंही तसंच होईल?" तू हसलीस. "छे! पण प्रमेय सुटलं नसतं तरी त्याची पीएचडी झालेलीच होती."

अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा २००८ चा आकडाही तूच दिलास: दहा वर्षांतही पीएचडी पुरी करणारे जेमतेम ५७ टक्के. उरलेले सगळे काही आळशी नसणार. त्याच महिन्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राने पीएचडी सोडली. त्याचंही पत्र तूच तपासून दिलंस, आणि त्याला थांबवलं नाहीस, कारण त्याच्या पत्रात कारण होतं. मजेत आहे तो.

बदकांची तारीख चार दिवसांनी सरकलेली दिसते, पण ठामपणे म्हणावं इतका फरक नाही. तसंच लिहिलंय. तोंडी परीक्षेची तारीख कळली की कळवते. सोडण्याचं ते पत्र अजून लॅपटॉपमध्ये आहे, तुझ्या दोन दुरुस्त्यांसकट.

तुझी,
पाठकोऱ्या कागदवाली