आधी अ‍ॅट्रोपिन, मग पुण्याला पाठवा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात माझे दाजी नारायणगावजवळ टोमॅटोवर फवारणी करत होते, पाठीवरचा पंप गळत होता, शर्ट चिंब, तरी एवढ्या चार सऱ्या उरकू म्हणून तसेच मारत राहिले. संध्याकाळी दरदरून घाम, तोंडातून लाळ, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. जवळच्या दवाखान्यात नेलं तर कपाटात, फवाऱ्याच्या या विषावर उतारा असलेल्या अ‍ॅट्रोपिनच्या सहाच अँप्यूल (इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुप्या), त्या दिल्या, सलाईन लावलं आणि म्हणाले पुण्याला न्या. सगळ्या रस्त्यात छातीत नुसती घरघर.

पुण्यात आल्याआल्या कपडे उतरवून साबणाने अंग धुतलं, कारण हे विष कातडीतूनही आत जातच राहतं, आणि अ‍ॅट्रोपिन तर त्याच वेळी सुरू. एक अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. पहिल्यांदा ४ दिल्या, पाच मिनिटांनी घरघर तशीच म्हणून ८, मग १६. म्हणजे दहा मिनिटांत २८! छाती मोकळी होऊन नाडी ८० च्या वर जाईपर्यंत सिस्टर अँप्यूल फोडतच होत्या, ट्रेमध्ये काचांचा ढीग. सहा अँप्यूलमध्ये काय होणार होतं सांगा.

तिसऱ्या दिवशी दाजींनी चहा मागितला, आम्हाला वाटलं सुटलो. पण सिस्टर सारख्या येऊन "मान उचला बघू" म्हणायच्या आणि दुपारी मान उशीवरून उठेचना. ऑर्गनोफॉस्फेटच्या, म्हणजे दाजींना बाधलेल्या कीटकनाशकाच्या प्रकाराच्या, विषबाधेत एक ते चार दिवसांत आधी मानेचे आणि मग श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात म्हणे. नऊ दिवस व्हेंटिलेटरवर काढले त्यांनी. जनरल वॉर्डात कुणाचं लक्ष नसतं तर?

२०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली ती बातमी मी पेपरातच वाचली होती. आपल्याकडे जुन्नर, आंबेगाव, पुरंदरला फवारणी बाराही महिने चालते, मग तिथल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात निदान शंभर अँप्यूल का असू नयेत? औषध अगदी स्वस्त आहे हो. पेशंटला पुढे पाठवायचाच तर आधी डोस सुरू करा, सोबत माणूस आणि अँप्यूल द्या, एवढंच आरोग्य खात्याला कळकळीने सांगणं आहे.

आणि वाचकांनो, मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ते फुफ्फुसात जातं. फवाऱ्याच्या औषधाची बाटली मात्र सोबत न्याच. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर त्यावर उतारा नाही आणि गरज नसताना दिलेला ऑक्सिजनसुद्धा फुफ्फुसं बिघडवतो, त्यामुळे डॉक्टर पहिलं तेच विचारतात. आमची बाटली बांधावरच राहिली होती, भाच्याने रात्री बॅटरी घेऊन शोधली आणि लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.

एक वाचक, हडपसर, पुणे