सोळाशे मीटरच्या आधी अटींचा कागद वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पहाटे साडेचारला आमच्या गावच्या फाट्यावर पंधरा-वीस पोरं सैन्यभरतीच्या तयारीसाठी सोळाशे मीटर पळायला जमतात. साडेपाच मिनिटांत आलं तर पूर्ण 60 मार्क, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून मी घरी आलो, तेव्हापासून हातात घड्याळ धरून टाइम मीच लावतो.

गेल्या महिन्यात त्यातला एक जण पळून आल्यावर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाला, "आबा, चार वर्षांनी मला तुमच्याएवढीच पेन्शन बसंल ना?" अग्निवीरचा, म्हणजे चार वर्षांपुरत्या सैन्यभरतीचा, फॉर्म त्यानं भरलेला होता. अकॅडमीच्या फीसाठी त्याच्या आईनं दोन शेळ्या विकल्या होत्या. पण पेन्शन नाही, हे तिथं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याच्या वडिलांना ओट्यावर बसवून वहीत हिशोब मांडला. पहिल्या वर्षी पगार 30 हजार, हातात 21 हजार. दर महिन्याला 30 टक्के सेवानिधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या निधीत, कापले जातात आणि सरकार तेवढीच भर घालतं. चार वर्षांनी व्याजासकट साधारण 11 लाख 71 हजार मिळतात, त्यावर आयकर नाही. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. 2022 साली अग्निवीरांची ही अग्निपथ योजना आली तेव्हाच ठरलं, की पुढं कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. म्हणजे चौघांतले किमान तिघं विशी-पंचविशीतच गावी परत येणार. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा आहेत, पण तिथंही भरती द्यावीच लागते. मधेच सोडून यायचं म्हटलं तर अगदी अपवाद सोडून परवानगी नाही, आणि त्या चार वर्षांत लग्नही नाही.

वडिलांनी वही बराच वेळ हातात धरली. मग विचारलं, "आणि काही बरं-वाईट झालं तर?" हा प्रश्न घरात आधी कुणी काढलाच नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. 48 लाखांचा विमा आहे, कर्तव्यावर मृत्यू आला तर वर 44 लाखांची मदत आहे. पण माझ्यामागं माझ्या बायकोला जन्मभर जी फॅमिली पेन्शन मिळेल, ती या अटींत नाही. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं.

मी भरतीच्या विरोधात नाही. फौजेनं मला माणूस केलं, आणि आजही आमच्या रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरचं नाव निघालं की छाती भरून येते. पण साडेसतरा वर्षांचं पोर फॉर्म भरतं, अठरा पूर्ण नसतील तर आई-बापाची सही लागते, आणि ती सही वाचल्याशिवाय होते, याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या वाटा तर कुणी सांगतच नाही. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आहे. दहावीनंतर मुलांना तिथं दोन वर्षं एनडीएची, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेतात. मुलींसाठी नाशिकला तशीच संस्था निघाली आहे. आमच्या फाट्यावरच्या एकाही पोरानं या संस्थांचं नाव ऐकलेलं नव्हतं.

त्या पोरानं फॉर्म मागं घेतला नाही. लेखी परीक्षा देणार आहे, पण सोबत बारावीनंतरच्या कॉलेजचा अर्जही भरलाय, आणि सेवानिधीचे पैसे आले तर गोठा बांधायचा की शिक्षण पुरं करायचं, यावर बापलेकांचं बोलणं सुरू झालंय.

आपल्याला एकच विनंती आहे. भरतीची जाहिरात येते त्या आठवड्यात आपण मेळाव्याच्या तारखा छापता. त्याच पानावर या अटी, पगाराच्या आकड्यांसह, सोप्या मराठीत छापाव्यात. ते कात्रण मी फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये चिकटवीन.

आपला,
एक माजी सैनिक, जि. सातारा