चरकाच्या यादीतला खडाच बरा सापडतो सगळ्यांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आयुर्वेद आणि ग्रहांवर जो लेख आला तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेखात म्हटलंय की मंत्र, मणी (म्हणजे रत्नाचा खडा), होम हे सगळं चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या मूळ ग्रंथातच आहे. आहे ना, कोण नाही म्हणतंय! त्या ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागाच्या ११व्या अध्यायात उपचाराचे तीन प्रकार दिलेत, दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. म्हणजे एक देवाधर्माचा, दुसरा आहार-औषधाचा आणि तिसरा मनाला नको त्या गोष्टींपासून आवरायचा. पण त्या पहिल्या प्रकारातली यादी नीट वाचा की, मंत्र, मणी, होम यांच्यासोबत नियम, प्रायश्चित्त, उपवास, नमस्कार, तीर्थयात्रा असं बरंच काही आहे, आणि त्यातलं बरचसं फुकटात होणारं आहे. आता दुकानात मिळतो तो मणी, मग सगळ्यांना यादीत तेवढाच दिसतो. कुठल्या राशीला कुठला खडा हे तर त्या यादीत नाहीच.

हे एवढं तावातावाने लिहितोय कारण घरात झालंय. आईला सहा महिने थकवा, केस गळतायत, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. एका वैद्यांकडे नेलं, त्यांनी अर्धा मिनिट नाडी धरली तेवढ्यात फोन आला, तो झाल्यावर नाडी राहिली बाजूला आणि जन्मवेळ विचारून मोबाईलवर पत्रिका काढली. साडेसाती आहे म्हणाले, ड्रॉवरमधून कापसात गुंडाळलेला नीलम काढला, शनिवारी मधल्या बोटात घाला. जीभ बघितली नाही, भूक-झोप विचारली नाही, रक्त तपासा म्हणणं तर लांबच. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी टेस्ट करायला लावली आणि थायरॉइड निघाला. त्यात अजून तीन महिने गेले ते वेगळेच.

मी काही नास्तिक वगैरे नाही हं, आई रोज विष्णुसहस्रनाम म्हणते आणि तिला त्याने बरं वाटतं हे मी बघतोय. चरकानेही ज्वराच्या अध्यायात सहस्रनाम सांगितलंय, पण त्याच अध्यायात लंघन (उपास), पेया (पातळ पेज), काढे, तूप यावर शेकडो श्लोक आहेत, ते सोडून नुसतं नाम घ्या असं तो कुठे म्हणतोय? उलट उन्मादाच्या, म्हणजे वेडाच्या निदानात तो स्पष्ट सांगतो की माणसाने आधी स्वतःच्या चुकांनी स्वतःला पिडलं नसेल तर देव, गंधर्व, पिशाच कुणीच त्याला त्रास देत नाहीत. सगळं खापर शनीवर फोडणाऱ्यांनी हे वाचलेलं दिसत नाही.

पुष्य नक्षत्राच्या दिवशी लहान मुलांना सोन्याचं चाटण देतात, त्या सुवर्णप्राशन कॅम्पचंही तसंच. काश्यपसंहितेत, म्हणजे बालरोगांवरच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात, महिनाभर, सहा महिने चाटवायचं म्हटलंय आणि आपल्याकडे महिन्यातून एकदा रांग लावून दोन थेंब.

आणि शेवटचं, राग मानू नका. १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात ताईत, मंत्र, कवच हे जादुई उपायांत धरलेत आणि त्यांनी आजार बरा होतो अशा जाहिरातींना बंदी आहे. त्याच रविवारच्या अंकात मागच्या पानावर डायबिटीस घालवणाऱ्या कवचाची जाहिरात होती, कोपऱ्यात, फोन नंबरसकट. ती छापण्याआधी कुणी वाचली होती का, तेवढं कळवावं.

आपला,
एक जुना वाचक