इन्सुलिन सुटतं? कुणाचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला मधुमेहाच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतलीय, नाही कोण म्हणतं, लघवीला लागणाऱ्या मुंग्यांपासून १९२१ च्या टोरांटोपर्यंत सगळं आलंय, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांचा कुत्र्यासकट फोटोही छापलात. फक्त त्यांच्या जोडीचा रसायनतज्ज्ञ कॉलिप गायब. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या मधुमेही पोराला दिलेलं इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलंच नव्हतं, इन्सुलिनचा अर्क अशुद्ध, उलट टोचलं तिथे गळू झालं, १२ दिवसांनी गुण आला तो कॉलिपने शुद्ध केलेल्या अर्काने. असो, नोबेलवाल्यांनीही १९२३ मध्ये त्याला वगळलंच होतं, तुम्हाला काय बोलणार.

पण शेवटच्या कॉलमात "आहार आणि शिस्त सांभाळली तर इन्सुलिन सुटतं" असं सरसकट ठोकून दिलंय ते कुणाबद्दल? माझ्या मुलीला नवव्या वर्षी टाइप वन मधुमेह निघाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, सुटणार काय डोंबल! आणि तो थॉम्पसन डाएटवरच होता हो, १४ वर्षांचा पोरगा आणि वजन जेमतेम ३० किलो, कारण तेव्हा उपाशी ठेवणं हाच उपचार होता. नुसत्या शिस्तीने भागलं असतं तर कुत्र्यांवर प्रयोग करत कशाला बसले असते ते?

सकाळी साडेआठच्या आत आमच्या मावससासूबाईंचा व्हॉट्सॲप आला, त्याच वाक्याखाली लाल पेनाने रेघ मारलेला फोटो, खाली "बघ गं, पेपरात आलंय, पोरीला किती टोचाल". आधीच "लहानपणी चॉकलेटं फार दिलीत" हे ऐकून कान किटलेत, त्यात आता तुमचा पुरावा. आणि हे मुलीसमोर मोठ्याने वाचून दाखवणारेही आहेत घरात, ती डबा उघडायच्या आधी गुपचूप पोटावर इन्सुलिनचं पेन टोचून घेते, तिला काय वाटत असेल?

आणि हो, त्याच पानावर खाली "मधुमेह मुळापासून घालवा" अशी चूर्णाची पाव पान जाहिरात! वर इन्सुलिनचा इतिहास, खाली चूर्ण, पान लावणाऱ्याला दाद द्यायला हवी.

टाइप वन आणि टाइप टू वेगळे असतात हे एक वाक्य घालायला पुढच्या वेळी जागा कमी पडली तर त्या चूर्णाच्या डब्याचा फोटो जरा लहान करा.

आपली,
एका टाइप वन मुलीची आई, सांगली